मेलेल्यांचा वाफा

कार्मीबाय गेली त्याला महिना झाला, म्हणून चर्चमध्ये ठेवलेल्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, मी मुद्दाम दिंडोशीहून गेले होते. मिस्सा आटपली, चर्चच्या अंगणात चहा आणि केक फिरत होता, आणि तिचा दीर सांतान घोळक्यात उभा राहून सांगत होता, "आमची वहिनी म्हणजे शांत बाई. कधी कोणाला उलटून बोलली नाही. सोशिक हो, फार सोशिक." लोक माना डोलवत होते. माझं डोकंच फिरलं. मेलेल्या माणसाला तोंड नसतं म्हणून त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलायचं का? मी कप तिथेच ठेवला आणि निघाले. थांबले असते तर चर्चच्या दारात तमाशा झाला असता.

म्हणून आता सांगते. कार्मीबाय शांत नव्हती, आणि सोशिक तर अजिबात नव्हती. अख्खं गावठाण तिला टरकून होतं. सकाळी उठायची तीच भांडत, आणि संध्याकाळी क्रूसापुढे प्रार्थना म्हणायची तीसुद्धा देवाला दम दिल्यासारखी. पण तिचा राग खरा होता. उगाच नव्हता. हे सांतानइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

लग्न होऊन मी मालवणहून आले ती थेट तिच्या मागच्या खोलीत, भाड्याने. ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. साकीनाक्यापासून आत, मरोळच्या बाजूला त्यांचं जुनं ख्रिस्ती गावठाण होतं. माझा नवरा नाक्यावरच्या वर्कशॉपात फिटर, म्हणून खोली तिथे घेतलेली. कार्मीबाय तेव्हा पंचावन्नच्या आसपास असेल. उंच, हाडापेराने मजबूत, तांबडं चौकड्यांचं लुगडं खोचलेलं, कानात सोन्याचे काप. पहिल्याच दिवशी तिने मला दारात उभं करून सांगितलं, "नवरा-बायको भांडा, पण मोठ्यानं भांडा. कुजबुजलेलं मना चालत नाय." मी घाबरून मान हलवली. माझ्या नवऱ्याला मात्र ती पहिल्या दिवसापासून आवडली.

तिचा नवरा पास्कू वारलेला. मूलबाळ नव्हतं. पास्कू आणि सांतान या दोघा भावांचं गावठाणाच्या कडेला शेत होतं, मध्ये विहीर. विहिरीच्या अलीकडचा तुकडा कार्मीबाय कसायची, पलीकडचा सांतानचा, आणि त्याच्यावर नुसतं गवत. पास्कू गेल्यावर सांतानने दोन्ही तुकड्यांवर आपलंच नाव चढवून घेतलं होतं. "घरातल्या माणसाकडं काय कागद मागायचे?" म्हणून ती गप्प बसली. तिच्या आयुष्यात ती गप्प बसल्याची एवढीच गोष्ट मला माहीत आहे, आणि तीच तिला भोवली.

त्या तुकड्यावर ती फुलं लावायची. झेंडूच, पण ते लोक मखमल म्हणतात. दोन वाफे असायचे. एक बाजाराचा आणि एक मेलेल्यांचा. बाजाराच्या वाफ्यातली फुलं दसऱ्याला, दिवाळीला दादरच्या व्यापाऱ्याला जायची, त्यावर तिचं वर्ष निघायचं. मेलेल्यांच्या वाफ्यातलं एक फूलही विकायचं नाही. ते सगळं दोन नोव्हेंबरसाठी. त्या दिवशी त्यांच्यात सगळ्या मृतांची आठवण करतात. कबरी साफ करतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात आणि संध्याकाळी फादर पवित्र पाणी शिंपडत कबरींमधून फिरतात.

नवीन वर्ष लागलं, आमच्याकडे नवं कॅलेंडर आलं की पहिला प्रश्न तिचा. "बघ गो, दिवाळी कवा हाय?" मी सांगितलं की तोंड वाकडं करायची. "गेल्या वर्षी तर आधी होती! तुमच्या सणांना एक जागा नाय काय?" जशी काही दिवाळी मीच सरकवली. मग स्वतःशीच हिशोब मांडत ओरडायची, "दसरा हलतो, दिवाळी हलते, आमचे मेलेले काय हलत नायत." बाजाराच्या वाफ्याची लागवड ती माझ्या कॅलेंडरवर मागेपुढे करायची. मेलेल्यांच्या वाफ्याचं मात्र ठरलेलं. जुलैचा मुसळधार पाऊस ओसरल्याशिवाय रोप जमिनीत घालायचं नाही, कारण ते कुजतं. पंधरा ऑगस्टच्या, मरियामातेच्या सणाला रोपं लागली पाहिजेत. सप्टेंबरात मोतमावलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या जत्रेला वांद्र्याला जायच्या आत शेंडे खुडून झाले पाहिजेत, म्हणजे झाड आडवं फुटतं आणि कळी जरा उशिरा धरतं. एवढं जमलं की ऑक्टोबरच्या उन्हाला झाड पुरून उरतं आणि दोन नोव्हेंबरला वाफा पिवळाधमक होतो.

आता विचाराल, एका कबरीला किती फुलं लागतात? पास्कूची कबर एक. पण कार्मीबाय वाफाभर फुलं लावायची ती बेवारस कबरींसाठी. गावठाणातली कितीतरी माणसं शेतं विकून निघून गेली होती, कोणी मालाडला, कोणी गल्फला. त्यांचे आईबाप मात्र इथेच सिमेट्रीत. त्यांच्या मातीच्या कबरींवर गवत माजलेलं. पास्कूच्या आईने या कबरींना फुलं घालायला सुरुवात केली, मग ते काम सुनेकडे आलं. लोक म्हणायचे, किती पुण्याचं काम. अहो, पुण्याचं कसलं! मी एका वर्षी टोपली धरायला गेले होते. एकेका कबरीपुढे बसून ती फुलं लावत होती आणि शिव्यांची लाखोली वाहत होती.

"ही इनासची आई. पोरगा बहरीनला बसलाय, तिकडं सोन्याची चेन घालतो. आईला एक मेणबत्ती नाय. मसन्या!" फुलं लावून झाली की कबरीवरून हात फिरवायची, जशी पोराला थोपटतेय. मग पुढची कबर. "हा आग्नेलबाबा. याच्या नातवानं विहिरीसकट जमीन विकली आणि जाताना बुडाखालचा पाट पण घेऊन गेला. आजोबाला इथं सोडला." परत हात फिरवायची. शेजारच्या कबरीवाले ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, कारण पुढच्या वर्षी आपलाही नंबर लागू शकतो हे त्यांना माहीत होतं.

एका वर्षी तिचं गणित चुकलं. दादरचा व्यापारी ऑगस्टात शेतावर आला आणि दुसऱ्या वाफ्याकडे बोट करून म्हणाला, "बाय, यंदा दिवाळी उशिरा, ऑक्टोबरच्या अखेरीला आहे. हा पण वाफा मला दे." बस्स! तो गेल्यावर ती इतकी संतापली, की त्याच्या दिवाळीला या वाफ्यात फूलच दिसता कामा नये म्हणून सप्टेंबरच्या शेवटी तिने पुन्हा शेंडे खुडले. कोणाचं ऐकेल तर शपथ. झालं काय, दिवाळीला फूल नाही ते नाहीच, पण दोन नोव्हेंबरलाही नुसत्या हिरव्या कळ्या! दुसरी कोणी असती तर तोंड लपवून घरी बसली असती. ही सिमेट्रीत गेली, कमरेवर हात ठेवून मध्ये उभी राहिली आणि सगळ्या कबरींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आठवडाभर थांबा. तुम्हाला कुठं गाडी पकडायची हाय?" फादरसुद्धा हसले. आणि आठवड्याने ती खरंच टोपल्या भरून घेऊन गेली.

सांतानची मुलगी रोझी कॅनडाला दिलेली. ती एकदा सुट्टीवर आली तेव्हा काकीसाठी फुलांच्या बियांची पाकिटं घेऊन आली. वर रंगीत चित्रं, मागे इंग्रजीत सूचना. मी वाचून दाखवल्या. वसंतातलं शेवटचं हिम पडून गेल्यावर पेरा, असं लिहिलं होतं.

"हिम म्हंजे?" कार्मीबायने विचारलं.

रोझी म्हणाली, "काकी, तिकडे रात्रीत दवाचा बर्फ होतो. सकाळी बघावं तर पानं काळीठिक्कर. म्हणून सगळे हिमाची तारीख बघून लावतात. तुमचं बरं आहे, मुंबईत हिम नाही. केव्हाही लावा."

"केव्हाही?" कार्मीबाय ताडकन उभी राहिली. "केव्हाही लाव म्हणते! जुलैत लाव, कुजवून दाखवते. ऑक्टोबरात लाव, करपवून दाखवते. तुमच्याकडं एकच दुश्मन हाय, तारीख सांगून येणारा. माझ्याकडं बारा महिन्यांचे हायत." रोझी बिचारी हसत सुटली. पाकिटं कपाटात गेली आणि तिथेच राहिली. पण हिमाची ती गोष्ट कार्मीबायच्या डोक्यात बसली होती. एक अख्खी बाग एका रात्रीत मरते हे तिला पटतच नव्हतं. मध्येच भाजी निवडताना म्हणायची, "अशी कशी मरते गो? झाड जरा तरी झगडत आसंल ना?"

त्यानंतरच्या वर्षी सांतानने विहिरीपलीकडचा आपला तुकडा एका शेठला शेडसाठी भाड्याने दिला. शेठ नळांच्या तोट्यांना चमक चढवायचा. शेडमध्ये आम्लाचे हौद होते, त्यांतलं वापरलेलं पाणी मागच्या चरात सोडायचे, आणि चर विहिरीच्या बाजूला उतरता. पावसाळाभर कोणाला काही कळलं नाही, पावसाच्या पाण्यात सगळं धुऊन जात होतं. कार्मीबायला फक्त वासाचा राग यायचा. ती शेडपुढे उभी राहून शिव्या घालायची, आतले कामगार हसायचे.

ऑक्टोबर लागला, ऊन तापलं. बाजाराचा वाफा दिवाळीआधीच तोडून झाला. मेलेल्यांच्या वाफ्याने त्या वर्षी काय कळी धरली होती म्हणून सांगू! ती सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी शेंदून घालत होती. पाऊस थांबला होता, विहीर उतरली होती, आणि चरातलं पाणी आता तिच्यात मुरत होतं. आधी कडा पिवळ्या पडल्या. तिला वाटलं ऊन लागतंय, म्हणून तिने आणखी पाणी घातलं. चार-पाच दिवसांत पानं करपली, कळ्या देठासकट माना टाकून काळ्या झाल्या.

रोझी त्याच आठवड्यात पुन्हा आलेली होती. सकाळी आम्ही तिघी शेतावर उभ्या होतो. रोझीने एक पान हातात घेतलं आणि सहज बोलून गेली, "काकी, हे तर अगदी हिमासारखं दिसतंय. आमच्याकडे अस्संच होतं."

कार्मीबाय विहिरीवर गेली, वाकून बघितलं. पाण्यावर मोरपिशी तवंग होता. तिने पोहरा सोडला, पाणी वर घेतलं, ओंजळीत धरून हुंगलं आणि फेकून दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मीच घातलं गो. माझ्या हातानं घातलं पाणी." तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला संताप आवरेना. रोझीला अजून कळलंच नव्हतं की शेडला जागा कोणी दिली. मी सांगितलं तेव्हा तिने हातातलं पान चुरगाळलं.

मग कार्मीबाय शेडमध्ये गेली. आम्ही मागोमाग. शेठ खुर्चीत बसून चहा पीत होता.

"हे पाणी पी," तिने पोहरा त्याच्या टेबलावर आदळला.

"अरे माँजी, गुस्सा क्यूं करते हो? बैठो ना."

"पहिलं पी. मग बसते."

"फूल का नुकसान हुआ ना? कितना चाहिए, बोलो. दादर से टोकरी मंगवा देता हूं. ताजा फूल, एक नंबर."

मला वाटलं आता ही पोहरा त्याच्या डोक्यात घालणार. पण तिने आवाज खाली आणला, आणि ते जास्त भयंकर होतं. "विकत आणलेली फुलं माझे मेलेले घेत नाय. तुझे घेत आसतील, त्यांना घाल."

त्या संध्याकाळी सांतान तिच्या ओट्यावर आला. म्हणाला, "वहिनी, शेठ तुझा पण तुकडा घ्यायला तयार आहे. आता तिथे काय उगवणार आहे? विहीर तर गेलीच. आपण देऊन टाकू." त्याने 'आपण' म्हटलं हे मला अजून आठवतं. आधी विहीर नासवायची आणि मग म्हणायचं विहीर गेली! ती दारापर्यंत गेली. "तुझ्या आईनं खणलेल्या मातीबद्दल तू हे बोलतोस, सांतान," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी मूर्खासारखी तिला धीर द्यायला गेले. आमच्या दारावर दिवाळीची तोरणं अजून ताजी होती. म्हटलं, ती उतरवून देऊ का? ती माझ्यावरच कडाडली. "दारावर लटकवलेली उष्टी फुलं मेल्यांना घालू? अक्कल गहाण टाकलीस काय?" बरोबरच होतं तिचं. मी वाईट मानलं नाही. ती ओरडली म्हणजे ती अजून उभी आहे, एवढंच मला हवं होतं.

दोन नोव्हेंबरला दुपारी ती शेतावर गेली आणि मेलेल्यांच्या वाफ्यातली करपलेली झाडं मुळासकट उपटली. सगळी. मातीचे गड्डे तसेच, काळ्या कळ्या तशाच. टोपल्यांत भरली. आम्ही दोघींनी त्या सिमेट्रीत नेल्या. कबरी सजल्या होत्या, लोक नवे कपडे घालून उभे होते. कार्मीबाय बेवारस कबरींकडे वळली नाही. ती सरळ आपल्या सासू-सासऱ्यांच्या कबरीपुढे गेली. सांतानने तिथे पांढऱ्या निशिगंधाची चादर घातलेली होती. तिने ती उचलून बाजूला ठेवली आणि त्या जागी करपलेली झाडं एकेक करून मांडली, मुळं वर करून.

सांतान पुढे आला. "वहिनी, लोक बघतायत."

"बघू दे," ती म्हणाली. "आईला पण बघू दे. मी दर वर्षी फुलं आणते, तिनं मना तेच शिकवलं. यंदा का नाय आणली, ते तिला समजायला नको?"

फादर पवित्र पाणी घेऊन तिथवर आले. थबकले. त्या काळ्या झाडांकडे बघितलं, कार्मीबायकडे बघितलं, आणि त्या झाडांवर पाणी शिंपडून पुढे गेले. रोझी रडत होती. सांतानने मान खाली घातली होती. मला वाटलं, आता याला लाज वाटेल. आता हा शेत विकायचा नाही.

कसलं काय! ख्रिसमस व्हायच्या आत त्याने दोन्ही तुकडे विकले. गावठाणातल्या ज्या माणसांच्या भाऊबंदांच्या कबरींना तिने वर्षानुवर्षं फुलं घातली, त्यांतला एक माणूस तिच्या बाजूने बोलायला आला नाही. "घरचा मामला आहे" म्हणाले. याचाच मला आजही राग येतो, शेठपेक्षा जास्त, सांतानपेक्षाही जास्त. शेठ परका होता. सांतान लोभी होता. पण हे सगळे तर रविवारी तिच्याच बाकावर बसायचे.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हाला दिंडोशीला घर मिळालं, आम्ही सामान हलवलं. निघताना ती दारात आली नाही. आतून ओरडली, "जा, जा. निरोप बिरोप मना जमत नाय." ऑगस्टात एकदा मी तिला भेटायला गेले. घराला कडी. शेजारीण म्हणाली, सिमेट्रीत बघ.

पाऊस भुरभुरत होता. सिमेट्रीच्या मागच्या बाजूला, जिथे त्या बेवारस मातीच्या कबरी होत्या, तिथे कार्मीबाय डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन गुडघ्यांवर बसली होती. कबरींवरचं गवत तिने उपटून टाकलं होतं. माती खुरप्याने मोकळी केली होती. बाजूला मखमलीच्या रोपांची टोपली. इनासच्या आईच्या कबरीवर, आग्नेलबाबाच्या कबरीवर, सगळ्या कबरींवर ती रोपं लावत चालली होती, ओळीने, वितीवितीवर. फादर छत्री धरून लांब उभे होते.

"कार्मीबाय, इथे शेती करायला परवानगी लागते," ते म्हणाले.

तिने मागे वळूनही बघितलं नाही. "ज्यांची जागा हाय त्यांना इचारलं मी," ती म्हणाली. "एकजण पण नाय म्हणाला नाय."

फादर छत्री सावरत निघून गेले. मी चिखलात तिच्याजवळ जाऊन बसले. तिने माझ्याकडे बघितलं, रोपांची टोपली माझ्याकडे सरकवली आणि खेकसली, "बघत काय बसलीस? दाब नीट, मुळं उघडी राहतायत." मग पुढच्या कबरीवर सरकली, तिथली माती दोन्ही हातांनी सपाट केली आणि दात-ओठ खात म्हणाली, "आता या. ही जमीन कोण विकतोय ते मी बघते."